गिरणीची किल्ली तिने का दिली?

पत्र थोडक्यात: वेंगुर्ला तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. वय ४४. बचत गटातर्फे कोकमाचं आगळ (खारवलेला रस), सोलं (वाळवलेली कोकमं) आणि आंब्याची साठं (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या) करून विकतात. गेली तीन वर्षं रात्री साडेनऊची एक मालिका त्यांनी चुकवलेली नाही. सोबत सासूबाई आणि थोरली जाऊ असतात. मालिकेतल्या नायिकेचे दागिने नवऱ्याने तिला न विचारता गहाण टाकले, वर चार माणसांत तिलाच खोटं पाडलं. ती घराबाहेर पडली आणि तिने मसाल्याची गिरणी उभी केली. सव्वा वर्ष ती एकटी राहिली. गेल्या महिन्यात नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तीन भागांत ती परत सासरी. शेवटच्या प्रसंगात तिने गिरणीची किल्ली कमरेची काढून नवऱ्याच्या उशाशी ठेवली.

त्या लिहितात, "त्या रात्री मला झोप नाही. सोलांना पूट द्यायचं (ती पुन्हा रसात भिजवायचं) राहिलं. सासूबाई म्हणाल्या, 'संसार असो मोडूचो नसता गो.' जाऊ म्हणाली, 'बघलंस मां? शेवटाक ती पण गेलीच. मग तुझ्या त्या खात्याचा काय?' माझं वेगळं बँक खातं मी त्या नायिकेचं बघूनच उघडलं होतं. मुलगी हसते, म्हणते, आई, ती खरी नाहीये. ते मलाही कळतं. मग एवढा राग का येतो? मालिका सोडून देऊ का? वाहिनीला लिहून काही होतं का? की माझंच काही चुकतंय?"

ताई,

आधी एक हिशेब मांडू. आठवड्याला सहा भाग, तीन वर्षं, म्हणजे नऊशेच्या वर भाग झाले. एका भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं गोष्ट असते. म्हणजे त्या बाईसोबत तुम्ही सुमारे ३३० तास बसला आहात. तीन वर्षांत सख्ख्या बहिणीशी तरी इतका वेळ बोलणं झालं असेल का, आठवून पाहा. ती नाराज असली की पदराचं टोक बोटाला गुंडाळते की नजर चुकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अशा ओळखीच्या बाईने तुमच्यासमोर अनोळखी वागावं आणि तुम्हाला काहीच वाटू नये, हे कसं होईल? मुलगी म्हणते ते बरोबर आहे, ती बाई खरी नाही. पण तुम्ही बघितलंत ते खरं, तुमची त्या बाईबद्दलची समज खरी, आणि राग त्या समजेतून आलाय. त्याची लाज वाटून घेऊ नका.

तुमच्या भागातल्या माणसांना तर हे सांगायलाच नको. धयकाल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, आख्यान कुठलं हे आधीच ठाऊक असतं, शेवटी कोण मरणार हेही ठाऊक असतं, तरी माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसतात. संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावरच ते रचतात. एवढी मोकळीक असूनही एक बंधन कुणी मोडत नाही: पात्राचा स्वभाव. नारदाने कळ लावावी, भीमाने चिडावं, द्रौपदीने जाब विचारावा. द्रौपदीच जाब विचारायची विसरली तर मागच्या रांगेतली म्हातारीही पुटपुटेल. तुमच्या मालिकेत जाब विचारायचा राहिला आहे. तुम्ही पुटपुटलात, इतकंच झालंय.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येते. "ती कणखर होती, म्हणून ती परत जायलाच नको होती," असं तुम्ही दोनदा लिहिलं आहे. इथे थोडं थांबा. कणखर बाई माफ करू शकते. आजारी नवऱ्याची सेवाही करू शकते. तशी माणसं तुमच्या वाडीतही असतील. म्हणजे ती परत गेली, एवढ्यावर स्वभाव मोडला असं म्हणता येत नाही. मोडलं काय ते शोधायचं तर किल्लीच्या प्रसंगाकडे पुन्हा बघावं लागेल.

त्या प्रसंगात ती एक शब्दही बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मागे गाणं वाजतं, चेहरा जवळून दिसतो, किल्ली उशाशी ठेवली जाते आणि भाग संपतो. नऊशे भाग बोलणारी बाई आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाला गप्प का राहिली? माझं म्हणणं असं की तिला गप्प ठेवावं लागलं. "हे घे, आता तूच चालव" हे वाक्य तिच्या तोंडी शोभलंच नसतं. कुठलंही वाक्य घाला, ते खोटं वाजलं असतं, म्हणून तिथे गाणं आलं. संवादाच्या जागी गाणं आलं की लेखकाला कारण सापडलेलं नाही, असं नेहमीच म्हणता येत नाही. कधी कधी मौनही नेमकं असतं. पण त्या मौनाची तयारी आधी झालेली लागते. तिने रात्री गिरणीत एकटीने बसून विचार केला, जुनी वही उघडली, कामाला असलेल्या बायकांना काही विचारलं, असं काही तुम्हाला दिसलं का? पत्रात तरी तसं काही नाही. झटका आला, डॉक्टर म्हणाले "त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका," आणि ती गेली.

पात्र बदललं की बदलवलं, हे ओळखायची एक साधी रीत आहे. वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात "काय घडलं", दुसऱ्यात "तिने स्वतः काय ठरवलं", तिसऱ्यात "याचं बी आधी कुठे पेरलं होतं". झटक्यापासून किल्लीपर्यंतचे तीन भाग आणि त्याच्या आधीचे वीसेक भाग आठवून लिहा. वाहिनीच्या अॅपवर जुने भाग असतील तर तिथे बघा, पण सगळे बघत बसू नका. प्रत्येक भागाची शेवटची पाच मिनिटं पुरतात, कारण मोठ्या गोष्टी तिथेच ठेवलेल्या असतात. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा दिसला, तर सगळं तिच्यावर घडतंय आणि ती काही करत नाहीये. झटका, अपघात, दारामागून अर्धवट ऐकलेलं बोलणं, हरवलेली चिठ्ठी ही सगळी बाहेरून आणलेली कारणं. एखादं चालतं. सलग तीन आली की समजा, तिला ढकलत नेलंय. तिसऱ्या रकान्यात मात्र दोन-तीन खऱ्या नोंदी सापडल्या, उदाहरणार्थ सहा महिन्यांपूर्वी तिने त्याचा फोन उचलला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं, तर बदल तिच्या आत सुरू होता आणि तो तुमच्या नजरेतून सुटला. असंही होतं. ज्या पात्रावर आपला जीव असतो, त्याच्या आपल्याला नको असलेल्या खुणा आपण बघत नाही.

हे करताना एक चूक हमखास होते. "मी तिच्या जागी असते तर" हे तिसऱ्या रकान्यात लिहिलं जातं. ते तिथे नको. त्याला पानाच्या मागच्या बाजूला जागा द्या, ते नंतर लागेल.

आता असं का होतं ते. लेखकाने फसवलं, असं तुम्ही म्हणता. 'लेखक' म्हणून एकच माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आहे. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असं असतं आणि वाहिनीची माणसं प्रत्येक टप्प्यावर सूचना देतात. पूर्ण गोष्ट पहिल्या दिवशी ठरलेली नसते. दोन-तीन महिन्यांचा एकेक 'ट्रॅक' ठरतो. तो चालला तर लांबतो, नाही चालला तर गुंडाळला जातो. चित्रीकरण आणि प्रक्षेपण यांत फार दिवसांचं अंतर नसतं. कलाकाराच्या तारखा जुळल्या नाहीत तर पात्र मुंबईला जातं, परदेशी जातं, नाहीतर इस्पितळात बेशुद्ध पडतं. अॅपवर मालिकेच्या सुरुवातीची किंवा शेवटची नामावली थांबवून वाचा. नायिका वेगळी वागू लागली त्या सुमाराचा भाग आणि त्याच्या दोन महिने आधीचा भाग, दोन्हींतली पटकथा आणि संवादाची नावं ताडून पाहा. नावं बदललेली असतील तर अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

गोष्ट अशीच जायची होती, दुसरा मार्ग नव्हता, असंही समजू नका. 'श्रीमयी' या बंगाली मालिकेवरून मराठीत 'आई कुठे काय करते' आली आणि हिंदीत 'अनुपमा'. बी एकच: घरासाठी राबणारी बाई आणि तिला फसवणारा नवरा. पण भाषा, वाहिनी आणि लेखक बदलले तशा नायिकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या वाटा कुणीतरी बसून निवडल्या. तुमच्या नायिकेचीही निवडली गेली, आणि निवडीवर बोलायचा हक्क बघणाऱ्याला आहे.

तो कसा बजावायचा? इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. "मी बघणं सोडलं की टीआरपी पडेल," असं वाटतं. दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या 'बार्क' ही संस्था मोजते. त्यासाठी देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत यंत्रं बसवलेली आहेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं, आणि घरातलं कोण बघतंय ते कळावं म्हणून प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं असतं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून गुरुवारी आकडे येतात. तुमच्या घरी ते यंत्र नसेल तर तुम्ही टीव्ही लावला काय, बंद केला काय, त्या आकड्यात फरक पडत नाही. आणि ज्या घरात यंत्र आहे तिथेही ते एवढंच मोजतं की टीव्ही चालू होता आणि समोर कोण होतं. बाई रडत होती, संतापली होती की भाजी निवडत होती, हे त्याला कळत नाही. त्यामुळे संतापून बघितलेला भाग आणि आवडीने बघितलेला भाग कागदावर सारखेच दिसतात. वेगळा दिसतो तो लिहिलेला शब्द.

म्हणून पत्र जरूर लिहा, पण एका पानाचं. वर मालिकेचं नाव आणि भागाची तारीख. मग एका वाक्यात आवडलेली गोष्ट; तुमच्या बाबतीत ती गिरणी उभी करतानाचे भाग असतील. मग एकच प्रसंग, किल्लीचा. "तिने किल्ली का दिली हे आम्हाला तिच्या तोंडून ऐकायचं होतं" एवढं लिहिलंत तरी पुरे. "आम्ही मालिका बघणं बंद करू" अशी धमकी घालू नका, तशी पत्रं ढिगाने जात असणार. खाली नाव, गाव, वय, आणि घरात किती जणी बघता ते लिहा. गटातल्या चौघींनी एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकीने आपल्या शब्दांत वेगळं पत्र लिहिलं तर चांगलं. पत्र वाहिनीकडे पाठवा. त्या अभिनेत्रीच्या सोशल मीडियावरच्या पानावर जाऊन बोल लावू नका. तिच्या हातात जो कागद आला तो तिने केला.

टीव्हीवर खालून सरकणाऱ्या पट्टीत तक्रारीचा पत्ता दिसतो, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. ती सोय वेगळी आहे. अंधश्रद्धा पसरवणं, बायकांची विटंबना, लहान मुलांना अपाय होईल असं दाखवणं अशा नियमभंगासाठी ती असते आणि अशा तक्रारीवर वाहिनीने १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. कथा पटली नाही, याला तिथे जागा नाही.

आता जाऊबाई. त्यांना तो नवरा पहिल्यापासून आवडतो, असं तुम्ही नाराजीने लिहिलंय. वाईट पात्र आवडणं ही काही दुष्टपणाची खूण नाही. 'रात्रीस खेळ चाले' आठवा. २०१६ साली पहिलं पर्व सुरू झालं तेच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत समोर आले: लोभी, क्रूर, बाहेरख्याली, कुणाचाही काटा काढणारे. तरी माणसं अण्णांवर आणि शेवंतावर लुब्ध झाली आणि आकेरीचा तो वाडा बघायला जाऊ लागली. अण्णांसारखा सासरा घरात कुणालाच नको होता. पण अण्णा प्रत्येक क्षणी अण्णाच होते, त्यांच्या वागण्याला त्यांच्याच स्वभावाचं कारण होतं. पात्र पटणं आणि माणूस म्हणून ते चांगलं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाऊबाईंना पहिलं वाटत असेल आणि तुम्ही दुसरं ऐकत असाल.

म्हणून पुढच्या वेळी "तुला तो आवडतोच कसा?" असं विचारू नका. त्यावर भांडणच होईल. पात्राबद्दल विचारा: "त्याने असं काय केलं म्हणून तिने त्याला माफ करावं?" सासूबाईंनाही हाच प्रश्न विचारा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. कदाचित त्या म्हणतील, "त्याने रडान सांगितला मां." मग त्यांना रडणं पुरेसं वाटतं आणि तुम्हाला दागिने सोडवून आणणं हवं होतं, हे समोर येईल. एकाच टीव्हीसमोर बसून तिघी जणी तीन मालिका बघत असतात. सासूबाईंनी ज्या काळात संसार केला, त्या काळात घर सोडलेल्या बाईला गिरणी कोण उभी करू देणार होतं? त्यांना नायिका परत आल्यावर सुटल्यासारखं वाटलं असेल, तर ते त्यांच्या जागी समजण्यासारखं आहे.

पण "मग तुझ्या त्या खात्याचा काय?" हे वाक्य मालिकेबद्दलचं नाही, आणि तुमची झोप त्याने उडवली असावी, असं मला वाटतं. ताई, खातं उघडायचं धैर्य तुम्हाला नायिकेकडे बघून आलं असेल. पण खात्यात आहे ते आगळाचं आणि सोलांचं. कोकमाचे रतांबे फोडून हात लाल झाले ते तुमचे. तिला घरी आणायचं कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं. तुमचं खातं चालू ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या तुम्ही आहात. जाऊबाईंना उत्तर द्यायचंच तर मालिका मध्ये न आणता द्या. "खात्यात गटाचे माझे पैसे येतात, यंदा बाटल्या आणि बुचं त्यातूनच घेतली," एवढं पुरे. त्या नायिकेची बाजू मांडायला गेलात की तिच्या प्रत्येक नव्या भागाचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. खातं तुमच्या एकटीच्या नावावर आहे ना, त्याला नॉमिनीचं नाव लावलंय ना आणि पासबुक तुमच्याच पेटीत आहे ना, हे मात्र या आठवड्यात बघून घ्या.

वहीच्या पानाची मागची बाजू आता काढा. तिथे तुम्ही "मी तिच्या जागी असते तर" लिहिलं असेल. त्यावरून गहाळ झालेला प्रसंग लिहा. इस्पितळाची खोली, तो उशीला टेकून बसलाय, किल्ली तिच्या हातात आहे. ती काय म्हणते? आठ-दहा ओळी पुरेत, मालवणीत लिहिलंत तर उत्तम. ती परत जाते असंच लिहून बघा, कारण ते जास्त कठीण आहे. कुठल्या अटीवर जाते, दागिन्यांचं काय ठरतं, गिरणीत सकाळी कोण जाणार? पटण्यासारखं कारण सापडलं तर लेखकांनी आळस केला, एवढंच म्हणता येईल. दहा ओळींत सापडलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसूनही सापडलं नाही, तर ती बाई परत गेलीच नाही, असं मानायला तुम्ही मोकळ्या आहात. "माझी मालिका झटक्याच्या आदल्या भागाला संपली" असं ठरवणारे बघणारे पुष्कळ असतात आणि ते काही चुकीचं करत नाहीत.

आता राहिलं बघायचं की सोडायचं ते. एकदम कायमचं सोडू नका. तशी शपथ चार दिवसांत मोडते आणि मग स्वतःचाच राग येतो. तीन आठवडे थांबा, म्हणजे अठरा भाग. सासूबाई आणि जाऊ बघत असतील तेव्हा त्या खोलीत शिक्षा झाल्यासारखं बसू नका. सोलांना पूट द्यायची वेळ साडेनऊला आणा. कुणी गोष्ट सांगायला आलं तर ऐका, अडवू नका. रोजच्या मालिकेत मागचं इतक्यांदा सांगितलं जातं की अठरा भागांचा धागा दोन भागांत हाती येतो. झोपेआधी बघून डोकं तापत असेल तर नंतरही साडेनऊचा हट्ट सोडा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण बघा किंवा अॅपवर. पावसात डिश जाते तेव्हा नाहीतरी तेच करावं लागतं.

तीन आठवड्यांनी आधी शनिवारचा भाग बघा, कारण आठवडाभराची गाठ तिथे मारलेली असते, मग सोमवारचा. सासू काय म्हणाली, नवरा किती सुधारला, नवीन पात्र कोण आलं, हे सगळं बाजूला ठेवा. मसाला दळायला सुरुवात होताना गिरणीचं कुलूप कोण उघडतंय, तेवढं बघा. ती उघडत असेल तर पुढे बघा. तो उघडत असेल आणि तिला त्याचं काही वाटत नसेल, तर टीव्ही जाऊबाईंना द्या आणि तो अर्धा तास तुमचा.